गहिनीनाथची उतरण

नागपूर
१२ नोव्हेंबर २०२४

आक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवूनच सुरुवात करतो, कारण पत्र उघडताच तू म्हणणार, काम निघाल्याशिवाय याला बहीण आठवत नाही. खरं आहे. पण फोन दाजींजवळ असतो, ते टेकाडावर मेंढरांमागे, तू खाली घरी, आणि घरी रेंज नाही. दाजींकडे दिलेला निरोप तुझ्यापर्यंत पोचतो तोवर त्यातलं 'जेवलास का' एवढंच उरतं. त्यापेक्षा आपलं जुनं पोस्ट बरं.

माझ्याकडे सध्या बालाघाटच्या माळांचं काम आलं आहे. गेल्या वीस वर्षांत उपग्रहानं टिपलेली प्रत्येक आग नकाशावर भरायची. कोणती उतरण कोणत्या वर्षी जळली, कोणत्या महिन्यात, कुठून कुठवर गेली. सगळं एका डेटाबेसमध्ये. पडद्यावर एखाद्या तुकड्यावर बोट ठेवलं की त्याची सगळी कुंडली समोर येते. वनखात्याला आजवर आग म्हणजे नुकसान एवढंच माहीत. आमचं म्हणणं असं की हे गवताचे माळ आगीवरच जगत आले आहेत. मधूनमधून जळले नाहीत तर कुसळी म्हातारी होते, बुडाशी वाळकं साचतं, आणि एखाद्या उन्हाळ्यात सगळंच एकदम जातं. थंडीत, थोडं थोडं, ठरवून जाळलं तर माळ टिकतो. तुला हे सांगायची गरज नाही, पण साहेबांना सांगायचं तर नकाशा लागतो.

धारूरच्या किल्ल्याखाली तुमची वस्ती शोधून काढली. घरामागची मोठी उतरण बघून तर आमचे साहेब खूश झाले. आजूबाजूचे तुकडे आलटून पालटून काळे होतात, आणि ही एकटी चार वर्षांत एकदाही जळलेली नाही. म्हणाले, बघा, या लोकांनी गवत कसं राखलंय, हिला हिरवा रंग द्या. दिलाय. दाजींना सांग.

मला सगळ्या उतरणींची नावं पाठव, आणि कोणती कोण पेटवतं तेही. त्यावरून कोणावर केस होणार नाही, एवढी हमी माझी.

हरिओम


वस्तीवरून, धारूर
२९ नोव्हेंबर २०२४

हरिओम,

आशीर्वाद, आणि त्यावर दोन शिव्या.

साहेब खूश झाले म्हणे. त्यांना एकदा इथं पाठव आणि त्या हिरव्या रंगात मेंढरं चारायला लाव. गवत माझ्या छातीला लागतं. कुसळं लोकरीतून कातडीत घुसतात, मेंढरांच्या हिरड्यांत रुततात, डोळ्यांत जातात. माझी निम्मी संध्याकाळ एकेकीचं तोंड उघडून कुसळं काढण्यात जाते. राखलंय कोणी? ते नुसतं राहिलंय.

नीट ऐक, म्हणजे नकाशात भलतं भरणार नाहीस. आमच्याकडे सातबारा सरकारचा, पण उतरण माणसाची. पोरगा मेंढरांमागे जायला लागला की बाप त्याच्या नावानं एक उतरण काढून देतो. दर तिसऱ्या वर्षी पौषात, सकाळचं दव असताना, घरच्या चुलीतला विस्तव नेऊन त्यानं ती पेटवायची. वरून खाली. वरून लावली की आग रमतगमत उतरते, माणूस डहाळी घेऊन तिच्यासोबत चालू शकतो. आणि ज्याची उतरण त्याचाच हात. दुसऱ्यानं विस्तव लावला तर त्याचा अर्थ एकच, तो माणूस गेला आणि त्याची जागा दुसऱ्यानं घेतली. बायका आगीला जात नाहीत. आम्ही खालून बघतो आणि भाकरी करून ठेवतो.

तुझी ती हिरवी उतरण गहिनीनाथभाऊजींची, माझ्या धाकट्या दिराची. चार वर्षांपूर्वी त्यांचं आणि यांचं कडाक्याचं भांडण झालं आणि ते गेवराईकडे वाळूच्या गाडीवर निघून गेले. तेव्हापासून आत्याबाई, माझ्या सासूबाई तुळजाबाई, त्या उतरणीला कोणाला शिवू देत नाहीत. 'माझं लेकरू जित्तं हाय. यील आन् लावील.' मागं एकदा यांनी विषय काढला, तर म्हणाल्या, 'तुला भाऊ मेलेला बघायचाय का?' हे ताटावरून उठून मेंढरांकडे गेले.

आता माझं काम ऐक. तुझ्या नकाशावरून एक कागद काढ, सरकारी, गोल शिक्क्याचा, की ही उतरण जाळलीच पाहिजे. आत्याबाई देवाशी भांडतात, पण शिक्क्याला हात जोडतात. चार वर्षांचं वाळलेलं गवत डोक्यावर घेऊन मी या घरात झोपते. मला झोप लागत नाही.

बाकी नावं मागच्या पानावर आहेत. राजनंदिनी नर्सिंगच्या हॉस्टेलवर ठीक आहे. तिला मामाचा फोन कधी येत नाही, एवढं तिनं सांगायला सांगितलंय.

आक्का


नागपूर
२० डिसेंबर २०२४

आक्का,

शिव्या पोचल्या, हिरवा रंग पुसला. तुझ्या नावांनी नकाशाचं रूपच पालटलं. आजवर आमच्याकडे नुसते आकडे होते, आता प्रत्येक तुकड्याला माणूस आहे. तीन वर्षांची पाळी अशी बरोबर जुळते की साहेब खुर्चीतून उठून पडद्यापाशी आले.

ठरलं असं की यंदा वस्तीभोवतीच्या काही उतरणी वनखात्याच्या देखरेखीत जाळायच्या. सगळ्यात धोक्याची म्हणून पहिली गहिनीनाथची. २२ जानेवारीला माणसं येतील, सोबत टँकर आणि फवारे असतील, आणि तुमच्यासारखीच वरून खाली लावतील. शिक्क्याचा कागद याच पाकिटात आहे, शिक्का चांगला मोठा मारून घेतलाय.

अट एकच, घरच्यांची हरकत नको. पण मी म्हणतो, तुमची रीत मोडायचीच कशाला? गहिनीनाथला एक दिवस बोलवा ना. गेवराई काही दुबईला नाही. सकाळच्या एसटीनं येईल, विस्तव लावील, आईच्या हातचं खाईल, वाटलं तर परत जाईल. एवढी वर्षं भांडण धरून बसायला तो काही तसा नाही. तुझ्या लग्नात मांडवभर माझ्यामागं फिरत होता, मला पुणं दाखव म्हणून, आणि मी स्वतःच पुणं पाहिलं नव्हतं. मला त्याचा नंबर दे, मी बोलतो.

हरिओम


वस्तीवरून
५ जानेवारी २०२५

हरिओम,

हे वाचलं की फाडून टाक.

भाऊजींना बोलावता येणार नाही. ते नाहीत. दोन वर्षांपूर्वी भादव्यात गेवराईजवळ आपल्या गंगेच्या पात्रात वाळूचा खड्डा खणताना वरची कड खचली आणि ते खाली सापडले. गाडीवाल्यांनी यांना बोलावून घेतलं. यांनी तिथंच गंगेच्या काठी अग्नी दिला, राख सोडली आणि घरी आले. डोक्यावरचे केस काढले नाहीत, का तर आईला कळेल. दहावं नाही, तेरावं नाही. आत्याबाईंना सांगितलं, गहिन्या गुजरातेत लांबच्या गाडीवर गेलाय, मजेत आहे. त्या बिरोबाला नारळ फोडून आल्या.

मला हे पुढं कधीतरी सांगितलं, ओढ्यावर मेंढरं धुताना, तोंड दुसरीकडे करून. त्यानंतर आमच्यात हा विषय नाही. भांडणात यांनी भावावर हात उचलला होता आणि 'पुन्हा तोंड दाखवू नको' म्हणाले होते. आत्याबाई तेव्हा दारातच उभ्या होत्या. आता कोणत्या तोंडानं सांगतील?

म्हणून मी शिक्का मागितला. सरकारनं लावली तर तो कोणाचा हात नाही. उतरण जळेल आणि भाऊजी जिते राहतील. मला एवढंच सुचलं.

आक्का


नागपूर
१४ जानेवारी २०२५

आक्का,

संक्रांतीच्या दिवशी असलं पत्र लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. गहिनीनाथचं वाचून दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. माझ्या डेटाबेसमध्ये त्या उतरणीपुढे त्याचं नाव अजून आहे. खोडवत नाही.

पण तू म्हणतेस तसं नाही होणार. खात्याची माणसं आली तरी तुळजामावशी त्यांना हात लावू देणार नाहीत. शिक्का रीतीपुढं टिकत नाही, हे मला नागपुरात बसून कळतं तर तुला कसं कळत नाही? त्यांना सांगून टाका. दाजींना जमत नसेल तर तू सांग. आई आहे, रडेल, आजारी पडेल, पण तिला तिचं दुःख मिळालं पाहिजे. आणि ती उतरण उन्हाळ्यापर्यंत तशीच राहिली तर काय होईल ते मला रोज दिसतं. तुमच्या घरावर मी लाल चौकोन केला आहे. बालाघाटच्या सगळ्या नकाशात असे फार थोडे आहेत.

२२ तारखेच्या आत सांगा.

हरिओम


वस्तीवरून
३० जानेवारी २०२५

हरिओम,

सांगितलं नाही. तुझी माणसं आली आणि गेली.

सकाळी जीप आली, टँकर आला, आपल्या भागातला गार्ड बिभीषण नव्या टोपीत आला. मी आत्याबाईंना कागद दाखवला. त्यांनी शिक्का कपाळाला लावला, कागदाची घडी करून चंचीत ठेवली आणि जाऊन उतरणीच्या पायथ्याला गवतात बसल्या. पार दिसेनाशा झाल्या, नुसता आवाज येत होता.

'लावा. मी कवा न्हाई म्हणले? वरून लावा, खाली मी हायेच.'

बिभीषण हात जोडून म्हणाला, 'काकू, सरकारचा हुकूम हाय. तुमच्याच घरासाठी चाललंय.'

'सरकारला किती लेकरं हायती?'

जीपमधले साहेब तरणे होते, चिडले. मला म्हणाले, मुलाला फोन लावून द्या, त्याच्याकडून हो म्हणवून घेऊ. मी यांच्याकडे बघितलं. हे टँकरच्या नळाकडे बघत उभे. साहेबांनी नंबर मागितला तर म्हणाले, 'लागत न्हाई त्याचा.' गवतातून आवाज आला, 'लांब हाय ना माझं लेकरू, कसा लागंल?' मी घरात निघून आले.

दव उडालं, वारं सुटलं, आणि साहेब म्हणाले आता आज नाही. जाताना वहीत लिहून गेले की कुटुंबाची हरकत, पुढच्या वर्षी बघू. शेजारच्या दोन उतरणी मात्र नीट जाळल्या. आता आमचीच तेवढी उभी आहे.

त्या दिवशी मी यांना बोलू नये ते बोलले. तुम्ही भावाला एकदाच जाळलं, आम्हाला रोज जाळता, असं. तू मात्र मध्ये पडू नकोस. आत्याबाईंना पत्र, निरोप, काही नको. सांगायचं तर मी सांगेन, माझं मी बघेन.

आक्का


नागपूर
१८ फेब्रुवारी २०२५

आक्का,

पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. हा उन्हाळा कसा काढायचा ते बोल. आता दव पडत नाही, म्हणजे जाळायची वेळही संपली. दोन गोष्टी करा. घर आणि उतरण यांच्यामधली पट्टी खरवडून मोकळी ठेवा. आणि मेंढरं घराजवळ बसवू नका, वर सपाटीवर हलवा. नकाशाप्रमाणे जोखीम खाली आहे, वर नाही. रस्त्याकडून, नाहीतर तुमच्याच चुलीतून ठिणगी पडली तर निदान जनावरं वाचतील.

आणि सांगून टाक. मी पुन्हा म्हणणार नाही.

हरिओम


वस्तीवरून
१७ मार्च २०२५

हरिओम,

सांगितलं.

धुळवडीच्या दिवशी. तू लिहिल्याप्रमाणे यांनी मेंढरं वर सपाटीवर हलवली आहेत, हेही दिवसभर तिकडेच असतात. घरात आम्ही दोघीच. आत्याबाई ज्वारी पाखडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि एका दमात बोलून टाकलं. सूप थांबलं नाही.

'कवा?'

'दोन वर्सं होऊन गेली.'

'आग कुणी दिली?'

'यांनी.'

'आन् मला राखसुदिक दावली न्हाई.'

मी म्हटलं, राख गंगेत सोडली. त्या एक एक खडा वेचून बाजूला टाकत राहिल्या. मला वाटलं होतं छाती पिटतील, मला झिंज्या धरून ओढतील. मी तयारीनं बसले होते. शेवटी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, 'मंग उतरण ठिवून काय करायची.'

हे परत आल्यावर आत्याबाईंनी रोजच्यासारखंच ताट वाढलं, भाकरीवर तेल-चटणी घातली, ते जेवेपर्यंत समोर बसल्या. मी यांना बाजूला घेऊन सांगितलं की त्यांना कळलंय, आणि पुढच्या पौषात तुम्हीच विस्तव लावायचा. माझा नवरा लग्नापासून पहिल्यांदा माझ्यासमोर रडला. दुसऱ्या दिवशी धारूरला जाऊन डोकं भादरून आला.

तुझंच खरं झालं. एवढं निमूटपणे होईल असं मला वाटलं नव्हतं. घरात कसं हलकं वाटतंय. मी काल रात्र झाल्याबरोबर झोपले ती उजाडल्यावरच उठले.

आक्का


नागपूर
७ एप्रिल २०२५

आक्का,

आज दुपारच्या फेरीत उपग्रहानं तुमच्या उतरणीवर ठिपका टिपला. ऑफिसातून निघायच्या बेतात होतो, तो लाल ठिपका बघून परत बसलोच.

आधी राग आला. चैत्राची दुपार ही काय वेळ आहे का? दाजींसारख्या जाणत्या माणसानं असं करावं? पौषापर्यंत धीर धरवला नाही का? पण मग पुढची चित्रं बघितली आणि जीव भांड्यात पडला. आग खाली आलेलीच नाही. सगळी वर गेली आणि सपाटीवर जाऊन विझली. घर शाबूत, खरवडलेली पट्टी शाबूत. माझ्या लाल चौकोनाला धक्कासुद्धा नाही. चार वर्षांचा घोर एका दुपारीत मिटला. शेजारच्या पोराला म्हटलं, चल, चहा माझ्याकडून.

दाजींचा फोन बंद येतोय. बॅटरी उतरली असेल. त्यांना म्हणावं, रागावलोय, पण फार नाही. उद्या सकाळी हे पत्र टाकतो.

हरिओम


नागपूर
३ मे २०२५

आक्का,

ते पत्र तुझ्या हाती पडलं असेल तर फाडून टाक. मी ते लिहीत होतो तेव्हा दाजी जाऊन काही तास झाले होते.

दहाव्याला आलो पण तुझ्याशी बोलता आलं नाही. बायकांच्या घोळक्यात तू होतीस, मी लांबून बघत होतो. तुळजामावशी दारातल्या मेढीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्याजवळ कोणी जात नव्हतं. मीही गेलो नाही. बिभीषणनं मला बाजूला नेऊन सगळं सांगितलं, तेवढंच मला माहीत आहे. म्हणाला, 'म्हातारीनं डोक्यावरून न्हाऊन घेतलं, वल्ल्या लुगड्यानंच मडक्यात इस्तू घेतला आन् पायथ्याला गवतात वतला. मयताला धरत्यात तसं मडकं पुढं धरून गेलती. लेकाला आग द्यायची ऱ्हायली व्हती म्हनं. तिला वाटलं, तुमचा दाजी सोमेश्वर सकाळीच औषदाला धारूरला गेला. मेंढी व्यायला टेकली म्हून त्यो वरच थांबलता.'

खालून लावलेली आग कशी धावते ते तू मला पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतंस असं मनात येतं, आणि मग आठवतं की मेंढरं वर हलवा हे मीच लिहिलं होतं. माझ्या नकाशात घर होतं, विहीर होती, रस्ता होता. वर उभा असलेला माणूस कुठंच नव्हता. तू हे एका शब्दानं बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं वाटलं असतं.

आता ज्यासाठी लिहितोय ते. या आगीची नोंद माझ्यासमोर उघडी आहे. कारणाच्या रकान्यात एक निवडायचं असतं. माणसानं मुद्दाम लावली, चुकून लागली, खात्यानं लावली, किंवा अज्ञात. आगीत माणूस गेला आहे, तेव्हा मुद्दाम लावली असं भरलं तर लावणाऱ्याचं नाव मागतात. शिवाय बालाघाटवर थंडीत जाळायची जी परवानगी यंदा कशीबशी मिळाली, ती बंद होईल. साहेब म्हणाले, अज्ञात लिही आणि मोकळा हो. वीस वर्षांच्या आगींची कारणं मी इथं बसून भरली, कधी हात अडला नाही. हे भरता येत नाही. तू सांगशील ते लिहितो.

हरिओम


वस्तीवरून
१८ मे २०२५

हरिओम,

बरं वाटलं असतं म्हणतोस, तर बोलते. तू सांगितलंस म्हणून हे वर गेले. तू सांगितलंस म्हणून मी आत्याबाईंना सांगितलं. एरवी हे असते, आणि उतरण असती, आणि मी न झोपता का होईना, पण सवाष्ण असते. हे मी तुला एकदाच लिहिते आहे. पुन्हा कधी तोंडातून काढणार नाही, आणि तूही विचारू नकोस. तू माझा भाऊ आहेस, तुझ्यावर राग धरून मला जगता येणार नाही. सध्या धरलाय एवढं खरं.

आत्याबाई घरातच आहेत. नात्यातली माणसं म्हणतात, हिला हाकल, नाहीतर तू माहेरी तेलगावला जा. राजनंदिनी आजीकडे न बघता हॉस्टेलवर परत गेली. मी कुठं जाऊ आणि त्यांना कुठं घालवू? त्यांना वर चढवेना म्हणून त्यांनी खालून लावली. गुडघे धरलेत, दुसरं काही कारण नाही. आणि बाईमाणूस आगीला कधी गेलीच नाही, तर वरून का लावतात हे तिला कोण सांगणार? मलाही यांनी लग्नानंतर हौसेनं सांगितलं म्हणून माहीत. मला त्यांचा इतका राग येतो की थापताना भाकरी मोडते. तीच भाकरी त्यांना वाढते. त्या मान खाली घालून अर्धी खातात, अर्धी कुत्र्याला टाकतात.

पंचनाम्याला आलेल्यांनी वस्तीभर विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, कोणी नाव घेतलं नाही. म्हणून तुझ्या रकान्यातही अज्ञात लिहावं असं नाही. इथं शेंबड्या पोरालाही ज्ञात आहे. खरं लिही. गवत चार वर्षांचं होतं ते लिही. चैत्राची दुपार होती, खालून लावली, वर माणूस होता, हे लिही. मुद्दाम लावली असंही लिही, कारण मुद्दामच लावली. हे वाचून कोणाला शहाणपण आलं तर आलं.

लावणाऱ्याचं नाव मागतील तर गहिनीनाथ लिही, आणि पुढं मयत असं लिही. उतरण त्यांची आणि पेटली त्यांच्यापायीच. मेलेल्या माणसाला चौकीवर कोणी बोलावत नाही. शिवाय ते मेले हे अजून कुठल्याच कागदावर नाही. तेवढं तरी कुठंतरी राहील.

परवानगी बंद होईल म्हणतोस. होऊ दे. होती तेव्हा काय झालं ते बघितलंच. यांची उतरण तुला माहीत आहे, ओढ्याच्या अंगाची. पुढच्या पौषात तिचं तिसरं वर्ष भरतं. सुतकाचं वर्ष आहे, घरात पुरुष नाही, म्हणून ती तशीच उभी ठेवायची असं भावकीनं ठरवलंय. कोणी मला विचारलं नाही. मी ती ठेवणार नाही. ती आणखी एक वर्ष, आणखी दोन वर्षं, यांची वाट बघत वाढलेली मला बघायची नाही.

परवा हे घरात बोलून दाखवलं. आत्याबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, 'बाईचा हात चालत न्हाई आगीला.' त्या दिवसानंतर त्या माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मी म्हटलं, 'चालला की.'

त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला आणि तशाच बसून राहिल्या. त्या क्षणी मला अजिबात वाईट वाटलं नाही. भांडी घासताना वाटलं. मग आत येऊन त्यांच्या अंगावर घोंगडी टाकली.

तू वारा बघून दिवस काढून दे, परवानगी असो नसो. ठरल्या दिवशी मी चुलीतला विस्तव घेऊन निघेन आणि वरून लावीन. मी अजून चढू शकते.

आक्का